सोळा आण्यांचं गाव : भंडाऱ्याची मालगुजारी आणि ओळखीपाळखीवर वाढलेली मिळकत



आजचा विषय भाड्याच्या मिळकतीचा आहे. हल्ली हे फार ऐकू येतं. एक फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, त्या भाड्यातून दुसऱ्याचा हप्ता काढा. माणसं जोडा. दलाल, बँकेतले साहेब, वकील, जुने सोबती, सगळ्यांशी संबंध ठेवा. पाच-दहा वर्षांत मिळकतींची रांग उभी राहील. असं शिकवणारे वर्ग चालतात, पुस्तकं निघतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी नवी, शहरी, बाहेरून आलेली विद्या आहे. भंडाऱ्याच्या माणसाला तरी तसं वाटायचं कारण नाही. आपल्या जिल्ह्यात जवळपास नव्वद वर्षं हाच धंदा चालला. फरक एवढाच की तेव्हा माणसं फ्लॅट नव्हे, अख्खी गावं घेत होती. त्याला मालगुजारी म्हणत.

दोन प्रश्न घेऊन बोलतो. एका गावाचा मालगुजार दहा गावांचा कसा होत असे? आणि ३१ मार्च १९५१ या एका तारखेला ही मिळकत संपली, तेव्हा नेमकं काय गेलं आणि काय उरलं? या दोन्हीचं उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी आहे. मिळकत वाढली ती वरच्या आणि बाजूच्या माणसांशी असलेल्या संबंधांवर. पण तिचं उत्पन्न येत होतं ते खालच्या माणसांशी असलेल्या संबंधांतून. पहिले संबंध मोजणारे पुष्कळ होते. दुसरे मोजायचे राहून गेले.

एक खुलासा आधीच करतो. मी भंडारा म्हणतो तेव्हा जुना भंडारा जिल्हा धरतो. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्याआधीची आमगाव, नवेगाव, अर्जुनी ही सगळी नावं भंडाऱ्याचीच.

मालकी नव्हती, तेव्हा

भोसल्यांच्या राज्यात गावाचा मालक असा कोणी नव्हता. गावावर पटेल असे. सरकार त्याला पट्टा देई, त्याने रयतेकडून वसूल गोळा करून भरायचा आणि आपला वाटा ठेवायचा. पट्टा बहुतेक वर्षाचा. पुढच्या वर्षी जास्त रक्कम बोलणारा भेटला की पटेल बदलू शकत होता. १८१८ नंतर तिसरा रघुजी अज्ञान होता म्हणून इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स नागपूरचा कारभार पाहत होता. त्याने पट्ट्यांची मुदत काही वर्षांची केली, त्यामुळे पटेलाला थोडी स्थिरता आली. तरी मालकी नव्हतीच. जे स्वतःचं नाही ते विकता येत नाही, आणि जे विकता येत नाही त्यावर सावकार मोठं कर्ज देत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता यातली गंमत पाहा. मालकी नव्हती, तरी या जिल्ह्यातले मोठमोठे तलाव त्याच काळात किंवा त्याच्याही आधी बांधले गेले. नवेगावबांधचा तलाव कोलू पटेल कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं सांगतात. कोहळी समाजाची ख्यातीच तलाव बांधण्याची. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची ओळख वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणारे म्हणूनच करून दिली आहे. धान आणि ऊस ही त्यांची पिकं. चांद्याच्या गोंड राजांनी या लोकांना आणून वसवलं अशी परंपरा आहे. जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा राजांचा करार होता असंही सांगितलं जातं. पोवारांचं थोडं वेगळं. भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या चाकरीचं बक्षीस म्हणून त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेला जमिनी मिळाल्या.

म्हणजे सुरुवातीलाच दोन वाटा दिसतात. एक पाणी करून गाव वसवण्याची. दुसरी सत्तेची चाकरी करून गाव मिळवण्याची. पुढच्या काळात या दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या.

कागद आला

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरा रघुजी वारला. पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ ला मध्य प्रांत तयार झाला. रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना, १८६० च्या दशकात, जमाबंदी झाली आणि त्या जमाबंदीत सरकारने पटेलांना गावाची मालकी दिली. ‘मालगुजार’ शब्दाचा अर्थ बघा, माल म्हणजे महसूल आणि गुजार म्हणजे तो भरणारा. नाव भरणाऱ्याचं राहिलं आणि हक्क मालकाचा मिळाला. काल जो वर्षाच्या पट्ट्यावर होता, तो आज गाव विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता, मुलांना वाटून देऊ शकत होता.

हिशेब साधा करून सांगतो. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत. समजा गावातल्या सगळ्या कुळांचं लगान आणि मालगुजाराच्या घरच्या शेतीचं मूल्य मिळून वर्षाला हजार रुपये होतात. त्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा सरकारला भरायचा. उरलेला मालगुजाराचा. त्याशिवाय घरची जमीन असे, तिला सीर आणि खुदकाश्त म्हणत. पडीत, गावचं जंगल, मोहाची झाडं, तलावातली मासळी, शिंगाडा, यांचंही उत्पन्न होतं. पडीत जमिनीवर नवीन कूळ बसवताना नजराणा मिळे. एका गावात इतकी उत्पन्नं एकवटली होती.

पण मध्य प्रांताच्या या पद्धतीत एक खुंटी होती. मालगुजाराला वाटेल तसं लगान वाढवता येत नव्हतं. बंगालच्या जमीनदाराला बराच काळ जी मोकळीक होती, ती इथे नव्हती. कुळांचे वर्ग ठरलेले होते. हक्काच्या कुळांचं लगान जमाबंदी अधिकारीच ठरवून देई, आणि ते पुढची जमाबंदी होईपर्यंत बहुतांशी तसंच राही. १८८३, १८९८ आणि १९२० च्या कूळ कायद्यांनी ही चौकट अधिक पक्की केली.

लगान ठरलेलं, मग उत्पन्न वाढवायचं कसं? तीन मार्ग उरतात. पाणी वाढवा, म्हणजे पडीत जमीन लागवडीला येईल आणि नवं कूळ बसेल. सावकारी करा. किंवा आणखी गावं घ्या.

एकाचे दहा कसे झाले

‘आणखी गावं घ्या’ हे आपल्याला वाटतं तसं अख्खं गाव विकत घेणं नसे. गाव सोळा आण्यांचं धरत. बाप मेला, चार भाऊ वेगळे झाले, की प्रत्येकाला चार आण्यांची पत्ती. पुढच्या पिढीत एका आण्याची, मग त्याहूनही लहान. सरकारला इतक्या हिस्सेदारांशी हिशेब ठेवायचा नव्हता, म्हणून त्यांच्यातला एक लंबरदार नेमला जाई. वसूल तो करणार, सरकारचा भरणा तो करणार, बाकीच्यांना त्यांचा वाटा देणार. सरकारात तोंड लंबरदाराचं.

आता तुम्हीच विचार करा, एखाद्या गावातला दोन आण्यांचा हिस्सेदार अडचणीत आहे, हे सगळ्यात आधी कोणाला कळणार? वर्तमानपत्रात जाहिरात तर येत नव्हती. कळायचं ते नात्यागोत्यात, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात, तहसिलीच्या ओट्यावर. ज्याचं येणंजाणं जास्त, त्याला आधी खबर. आज ज्याला नेटवर्किंग म्हणतात, ते तेव्हा हेच होतं. या ओळखीपाळखीचे मला चार पदर दिसतात.

पहिला रोटी-बेटीचा. मालगुजारांच्या घरांत सोयरीक जुळवताना मुलगा पाहत तशीच गावंही पाहत. जावयाच्या गावातली पत्ती विकायला निघाली तर सासऱ्याच्या कानावर पहिल्यांदा येई. वैऱ्याच्या हातात गावाचा हिस्सा जाण्यापेक्षा सोयऱ्याला दिलेला बरा, अशी समजूत होती. या भागात मालगुजारी कोहळी, पोवार, कुणबी, लोधी, ब्राह्मण अशा अनेक समाजांत विखुरलेली होती आणि प्रत्येकाचं नात्याचं जाळं वेगळं होतं. म्हणून एकेका पट्ट्यात एकेका समाजाची गावं सलग दिसत.

दुसरा पदर सावकारीचा. धानाच्या मुलखात बी आणि खावटी मालगुजाराच्या वाड्यातूनच निघे. सवाईने दिलं तर एका खंडीची सव्वा, दिडीने दिलं तर दीड. पण मोठा खेळ वरच्या पातळीवर होता. आता गाव गहाण टाकता येत होतं. मालगुजार स्वतः शहरातल्या सावकाराकडून कमी दराने पैसा उचले आणि गावात जास्त दराने लावी. पत असलेल्याला पैसा, आणि पैसा असलेल्याला दुसऱ्याच्या गहाण पडलेल्या पत्तीवर हात. काही सावकारांनी तर याच रस्त्याने, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून, नांगर न धरता मालगुजारी मिळवली.

तिसरा पदर कचेरीचा. पटवारी, तहसीलदार, वकील. कुठल्या नंबरावर कोणाचं नाव आहे, कोणाचा भरणा थकला आहे, ही माहिती म्हणजेच पैसा होता. पुढे लोकल बोर्ड, नगरपालिका, ऑनररी मॅजिस्ट्रेट अशी पदं निघाली, त्यांवर हीच मंडळी बसू लागली. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कायदेमंडळात जमीनदारांसाठी वेगळे मतदारसंघ होते. म्हणजे ही ओळख गावापासून नागपूरपर्यंत पोचली.

चौथी गोष्ट कोणाच्या ओळखीने आली नाही, पण ओळख असलेल्याच्या कामी आली. ती म्हणजे रेल्वे. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे टाकली गेली, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया अशी. पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेत गेली. आतापर्यंत भंडाऱ्याचा तांदूळ बैलगाडीच्या पल्ल्याइतका विकला जाई, आता त्याला दूरचा बाजार मिळाला. धानाला भाव आला, जमिनीला भाव आला, गहाणाची रक्कम वाढली. ज्याच्या हातात त्या वेळी रोकड आणि माणसं होती, त्याने गावं जोडली.

लगान कशावर उभं होतं

इथवर ऐकून वाटेल की सगळी हुशारी घेण्यात होती. पण घेतलेल्या गावाचं लगान दरवर्षी यायला हवं. आणि भंडाऱ्यात लगान म्हणजे शेवटी पाणी.

धानाचं पीक नाजूक. मृगात पाऊस पडतो, पऱ्हे टाकले जातात, रोवणी होते. मग भाद्रपद-आश्विनात पंधरा-वीस दिवस पाऊस दडी मारतो आणि नेमकं तेव्हाच धान निसवायला आलेलं असतं. त्या एका पाण्यावर वर्ष ठरतं. हे पाणी तलावातून येई. ज्या गावाचा तलाव धड, त्या गावचं कूळ लगान देऊ शके. तलाव फुटलेल्या गावाची मालकी म्हणजे नुसता कागद.

आणि तलाव एकट्याने चालत नाही. पावसाळ्याआधी पाळीवर माती चढवायची, झुडपं काढायची, उंदीर-खेकड्यांची बिळं बुजवायची, सांडवा मोकळा करायचा. तुडुम, म्हणजे पाळीतून पाणी सोडायची मोरी, केव्हा उघडायची आणि कोणाच्या बांधीत आधी पाणी, हे ठरवायचं. पाट साफ ठेवायचे. वरच्या तलावाचं जादा पाणी खालच्या तलावात, त्याचं पुढच्या बोडीत, अशी साखळी असे. वरच्या गावच्या मालगुजाराशी वाकडं आलं तर खालचं गाव कोरडं. पाणी सोडायला माणूस नेमलेला असे, त्याला पिकातून धान्य मिळे. ढिवर तलावात मासे धरत, आणि पाण्यात उतरून मोरीचं काम करायची वेळ आली की तेच उतरत. गाळपेर, जनावरांचं पाणी, शिंगाडा, सगळ्यांचं काही ना काही त्या तलावात अडकलेलं.

या सगळ्याची नोंद होत असे. जमाबंदीच्या वेळी गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला जाई. गावात कोणाचा कशावर हक्क, चराई कुठे, सरपण कुठून, तलावाचं पाणी कोणाला, असे रिवाज त्यात उतरवलेले असत. शेती करणाऱ्या कुळाला गावठाणात घरासाठी जागा देणंही मालगुजाराला बांधील होतं. म्हणजे मालकाच्या मिळकतीतच दुसऱ्यांचे हक्क विणलेले होते.

मी याचं गोड चित्र रंगवणार नाही. पाळीवर माती टाकायला येणारे सगळे खुशीने येत नव्हते. बेगार होती. मालगुजाराच्या घरी लग्न निघालं की कामाला माणसं, गाडी, लाकूड, विचारायची सोय नाही. पाटाच्या शेपटाला ज्यांची बांधी, त्यांना पाणी शेवटी, आणि शेपटाला कोण असे हे जात पाहून सांगता येई. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांना पाणी असून उपयोग नव्हता. हे नातं बरोबरीचं नव्हतंच. पण ते नातं होतं, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती. कूळ गाव सोडून गेलं तर मालगुजाराचं नुकसान होतं. पाळ फुटली तर दोघंही बुडत.

दोरा उसवत गेला

१८९६-९७ आणि १८९९-१९०० हे लागोपाठचे दोन दुष्काळ मध्य प्रांताला फार जड गेले. कुळांचं लगान थकलं, मालगुजारांचं कर्ज वाढलं. ज्याची एकच पत्ती होती त्याची ती गेली. ज्याच्या पत्त्या दहा गावांत विखुरलेल्या होत्या, तो तगला, किंबहुना वाढला. जोखीम वाटून ठेवावी असं आजचे सल्लागार सांगतात, त्याचं हे जुनं उदाहरण. पण यातच एक कीड होती. दहा गावांचा धनी दहा तलावांवर उभा राहू शकत नाही. तो भंडाऱ्याला किंवा नागपूरला राहायला जातो. गावात कामदार, दिवाणजी ठेवतो. कामदाराचं काम वसूल आणणं. पाळीवरचं झुडूप काढायला खर्च येतो आणि तो धन्याला हिशेबात दिसतो. न काढलेलं झुडूप हिशेबात दिसत नाही. ते दहा वर्षांनी पाळ फुटल्यावर दिसतं.

त्यात वाटण्या. सोळा आण्यांचा एक धनी असेल तर तो तलावावर खर्च करेल, कारण फायदा त्याचाच. दीड आण्याचा हिस्सेदार म्हणतो, लंबरदार करील. लंबरदार म्हणतो, वर्गणी द्या मग करतो. १९३० च्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, कर्ज डोईजड झालं. १९३३ मध्ये मध्य प्रांतात कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला, त्याखाली मंडळं नेमली गेली. या घसरणीत कूळ तर भरडलं गेलंच, मालगुजारही सुटला नाही. कागदावर मिळकत तेवढीच होती, तिच्या खालचं पाणी आटत होतं.

३१ मार्च १९५१

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने मालकी हक्क संपवणारा कायदा केला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. ३१ मार्च १९५१ पासून गावांची मालकी सरकारात जमा झाली. जमीनदार कोर्टात गेले. चांदा जिल्ह्यातल्या अहेरीच्या जमीनदारांचा खटला, विश्वेश्वर राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

या कायद्याने मालगुजाराकडे काय ठेवलं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. घरची शेती राहिली. वाडा, आवार, विहिरी राहिल्या. बाकीच्याची नुकसानभरपाई ठरली. आणि तलावांचं? आबादीबाहेरच्या, वहिवाटीखाली नसलेल्या जमिनीवरच्या तलावांसाठी कायद्याने एक कसोटी लावली. ज्या तलावातून मालगुजाराशिवाय दुसऱ्या कोणाचाही ओलिताचा हक्क नाही, तो त्याच्याकडे राहील. ज्यात दुसऱ्यांचा हक्क आहे, तो सरकारचा.

ही कसोटी मला फार बोलकी वाटते. नव्वद वर्षं मिळकतीचं मोल ज्यामुळे होतं, ते म्हणजे त्यात इतरांचे हक्क गुंतलेले होते, त्यामुळेच लगान येत होतं. हिशेबाच्या दिवशी तेच गुंतलेले हक्क पुढे आले आणि म्हणाले, हे तुझं एकट्याचं कधीच नव्हतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. सरकारने तलाव घेतले, ते नातं घेतलं नाही, घेता येण्यासारखं नव्हतं. आज पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले जातात. ‘माजी मालगुजारी’ यावरून ‘मामा तलाव’ हे नाव पडलं. बाहेरच्यांना वाटतं कोणाच्या मामाने बांधले. पुढे ते पाटबंधारे खातं आणि जिल्हा परिषद यांच्या ताब्यात विभागले गेले. निस्तार पत्रकात गावाचे हक्क लिहिलेले राहिले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. हक्क कागदावर शाबूत. मग पाळीवर माती कोण टाकणार? मालगुजार म्हणतो, आता माझं नाही. गावकरी म्हणतात, सरकारचं आहे. सरकार म्हणतं, निधी आला की बघू. गाळ साचला, बेशरमीची झुडपं माजली, तलावाच्या पोटात अतिक्रमणं झाली.

जिथे तलाव पुन्हा धरले गेले, तिथे ते कोणी धरले हेही पाहा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांबरोबर या भागातल्या तलावांत काम केलं. बेशरमी काढली, पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. तलावावर ज्यांचं पोट होतं, त्यांनीच त्याला हात लावला.

आजच्या खोल्या

आज भंडाऱ्यात कोणी गावं घेत नाही. खोल्या बांधतो. जवाहरनगरच्या आयुध कारखान्यातले, वरठीच्या पोलाद कारखान्यातले कामगार, बदलीवर आलेले शिक्षक, शिकायला आलेली मुलं, हे आपले भाडेकरू. प्लॉट कुठे निघतोय हे अजूनही सोयऱ्याकडूनच आधी कळतं. भावाभावांत, मित्रामित्रांत अजूनही पत्ती असते, फक्त आण्यांऐवजी टक्के म्हणतो.

कायदाही पुष्कळ बदलला. घरभाड्यासाठी आपल्याकडे १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, तो लागू झाला ३१ मार्च २००० ला. योगायोगाने तारीख तीच. या कायद्यात एक कलम आहे, पंचावन्नावं. भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, ही जबाबदारी मालकाची. नसेल, तर वाद उठल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जाईल, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ‘ओळखीचाच आहे, कशाला कागद’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जुन्या मालगुजाराने वाजिब-उल-अर्ज लिहून दिला, तो काही भलेपणाने नाही. पण तो लिहिलेला होता म्हणून दोघांनाही माहीत होतं, कोणाचं काय.

मंडळी, माझं मुख्य बोलणं इथे थांबवतो. वेळ आहे, प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, म्हणजे ओळखीवर मिळकत वाढवणं चूक, असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर : नाही. ओळखीशिवाय या जिल्ह्यात कधी काही उभं राहिलं नाही, ना तलाव ना मालगुजारी. मी एवढंच सांगतो की ओळखी दोन प्रकारच्या असतात. एक मिळकत मिळवून देणारी, दुसरी ती चालवणारी. पहिलीसाठी माणूस दहा लग्नांना जातो. दुसरीसाठी भाडेकरूच्या नळाला पाणी येतं का हे पाहायला एकदा जायचं असतं, तिथे कामदाराला पाठवतो.

प्रश्न : आमच्या आजोबांची मालगुजारी होती. घरी म्हणतात, सरकारने लुबाडलं. तुमचं मत काय?

उत्तर : घरात दुःख असणार, ते मी नाकारत नाही. पण तुमच्या गावचा जुना वाजिब-उल-अर्ज मिळाला तर जरूर काढून पाहा. आजोबांच्या गावात किती जणांचे हक्क लिहिले आहेत, ते मोजा. बेगार त्यात लिहिलेली नसेल, ती गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि तलाव कोणी बांधला, त्या पाळीवर कोणी माती टाकली, तेही विचारा. मग ‘आमचं’ या शब्दात किती माणसं बसतात, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

प्रश्न : तलावाची जबाबदारी आता कोणाला द्यावी, असं तुम्हाला वाटतं?

उत्तर : ज्याचं त्या पाण्यावाचून अडतं त्याला, हक्कासकट. नुसती जबाबदारी दिली तर ती बेगार होते. नुसता हक्क दिला तर तो निस्तार पत्रकात पडून राहतो. शेपटाच्या बांधीवाला आणि ढिवर, हे दोघं त्या समितीत बसले पाहिजेत. पूर्वी त्यांना कोणी विचारलं नाही. आता विचारून पाहावं, पाळ अजून उभी आहे तोवर.